४० सत्रांचे पॅकेज घेण्यापूर्वी

प्रश्न : मी ६६ वर्षांची असून बँकेतून निवृत्त झाले आहे. सहकारनगरमध्ये एकटीच राहते, मुलगा बंगळुरूला असतो. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. गेल्या वर्षभरात विसरभोळेपणा फार वाढला आहे. गॅसवर दूध ठेवले की करपल्याचा वास येईपर्यंत लक्षात राहत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवत नाही आणि भिशीचा जो हिशेब मी तोंडी करत असे, तो आता कागदावर दोनदा मांडावा लागतो. आईला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता. शेवटी ती मलाही ओळखत नव्हती. त्यामुळे धास्ती वाटते. बहिणीच्या आग्रहाने एका ‘ब्रेन ट्रेनिंग’ केंद्रात गेले. तिथे डोक्याला तारांची टोपी घालून मेंदूचा रंगीत नकाशा काढला. त्यातला पुढचा लाल भाग ‘थकलेला’ आहे आणि ४० सत्रांत तो हिरवा होईल, असे सांगितले. खर्च ८० हजार रुपये. महिनाअखेरीपर्यंत भरले तर ६५ हजार. ५ हजार आगाऊ भरून आले आहे. मुलगा म्हणतो, फोनवर ॲप घे, तेच काम करते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १२ वर्षे चालू आहे, बाकी तब्येत बरी आहे. झोप लागत नाही म्हणून रात्री सर्दीची एक गोळी घेते, तिने गुंगी येते. पूर्वी रोज तळजाई टेकडीवर फिरायला आणि मंगळवारी भजनी मंडळात जात असे. आता दोन्ही बंद केले, कारण चारचौघांत बोललेले नीट कळत नाही. कधी कधी वाटते, आता कशासाठी जगायचे. केंद्राचे उरलेले पैसे भरू का?

— एक भगिनी, सहकारनगर, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मी उत्तराची सुरुवात तिथूनच करणार आहे. ‘आता कशासाठी जगायचे’ हा विचार क्वचित येऊन जातो, की रोज येतो, की त्याला जोडून जीव संपवण्याचेही मनात येते, हे पत्रावरून कळत नाही. तिसरी गोष्ट खरी असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच मुलाला किंवा बहिणीला फोन करावा, त्या रात्री घरी एकटे राहू नये आणि १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. ती २०२२ मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. विचार तितका तीव्र नसला, तरी डॉक्टरांपुढे तो याच शब्दांत बोलून दाखवावा. बँकेत आयुष्य काढलेल्या, घर सांभाळलेल्या, आल्यागेल्याचे केलेल्या आपल्याकडच्या स्त्रिया डॉक्टरांना गुडघा दुखतो हे सांगतात आणि मन दुखते हे सांगायचे राहून जाते, असे फार वेळा होते.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न. उरलेले पैसे सध्या भरू नयेत, असे माझे मत आहे. ब्रेन ट्रेनिंग हे सगळे थोतांड आहे, असे मी म्हणत नाही. त्यात खरे काय आहे, ते पुढे येईलच. अडचण वेगळी आहे. तुम्हाला विसर का पडतो, हे अजून कोणीच शोधलेले नाही आणि कारण शोधण्याआधीच उपाय विकत घेण्याची घाई तुमच्याकडून करून घेतली जात आहे. त्यातून तुमच्या पत्रात कारणाच्या खुणा एक नव्हे, चार-पाच दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा तपासून दुरुस्त करता येण्यासारख्या आहेत.

पहिली खूण मेटफॉर्मिनची. मधुमेहासाठी हे चांगले आणि जुने औषध आहे, ते मनाने बंद करू नये. मात्र वर्षानुवर्षे घेतल्यावर काही जणांच्या शरीरात ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. त्यात आहार शाकाहारी असेल, तर मुळात ब१२ मिळण्याचा मार्ग दूधदुभत्यापुरताच उरतो. ब१२ कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, स्मरणशक्ती आणि एकाग्रता मंदावते, मन उदास होते. एका रक्ततपासणीत ते कळते आणि कमतरता निघाली तर गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन भरून काढता येते. दुसरी खूण सर्दीच्या गोळीची. सर्दी-ॲलर्जीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, त्यांतल्या बहुतेक गोळ्या मेंदूतील ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचे काम अडवतात. स्मरणासाठी हेच रसायन लागते. उतारवयात या गोळ्या टाळाव्यात, असे वृद्धांच्या औषधोपचारांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलेले असते. आपल्याकडे मात्र त्या दुकानात मागितल्या की मिळतात आणि ‘साधीच तर गोळी आहे’ म्हणून महिनोन्महिने चालू राहतात. स्मरणासाठी ६५ हजार भरायचे आणि रात्री स्मरण मंदावणारी गोळी घ्यायची, हा व्यवहार बँकेतल्या माणसाला पटू नये. तरीही ही गोळी किती दिवस आणि किती प्रमाणात घेत आहात, ते डॉक्टरांना दाखवूनच बंद करावी आणि झोपेचे काय करायचे, ते त्याच वेळी विचारावे.

तिसरी खूण कानाची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. चारचौघांत बोललेले कळत नाही म्हणून मंडळ सोडले, असे तुम्ही लिहिता. वयोमानाने येणारे बहिरेपण बहुधा असेच सुरू होते : समोरासमोर, शांत खोलीत ऐकू येते, पण पंखा, झांजा आणि तिघींचे एकाच वेळी बोलणे असले की शब्द तुटतात. तुटलेले शब्द जोडण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि ऐकलेले साठवायला ती उरत नाही. जे नाव धड ऐकूच आले नाही, ते आठवणार तरी कसे? कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करायला फार वेळ लागत नाही. श्रवणयंत्र स्वस्त नसते, हे खरे आहे; परंतु तुम्ही जी रक्कम काढून ठेवली आहे, ती त्यासाठी खर्च झाली तर माझी काहीच हरकत नाही.

यानंतर येते मन. यजमान गेले, फिरणे थांबले, भजन थांबले, झोप गेली, जगण्याविषयी उमेद वाटत नाही. हे सारे एकत्र वाचले की नैराश्याची शंका घ्यावीच लागते. नैराश्यात माणूस उदास होतो हे सर्वांना ठाऊक असते. त्यात लक्ष लागत नाही, विचारांची गती मंदावते, साधा निर्णय घेणे जड जाते आणि विसर पडतो, हे मात्र तितके ठाऊक नसते. वृद्धांमध्ये तर हे इतके ठळक दिसू शकते की स्मृतिभ्रंशच झाला असे वाटावे. दोहोंतला फरक तपासणीनेच ठरतो, तरीही अनुभवी डॉक्टर एक गोष्ट आवर्जून पाहतात. नैराश्यातला माणूस आपल्या विसरण्याची तक्रार स्वतः, तपशीलवार करतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला पुष्कळदा घरचे तक्रार करतात आणि माणूस म्हणतो, मला काही झालेले नाही. तुम्ही वर्षे, रकमा आणि औषधाचे नाव देऊन नेटके पत्र लिहिले आहे. त्यावरून मी निदान करणार नाही, करूही नये. परंतु आईचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही जो निकाल स्वतःविरुद्ध मनात लावून टाकला आहे, त्याला अजून पुरावा नाही, इतके म्हणायला हरकत नाही.

आता त्या रंगीत नकाशाकडे वळू. डोक्यावरच्या टोपीतून जे मोजले जाते, ते ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख. अपस्माराच्या निदानात तो फार मोलाचा आहे. कवटीच्या बाहेर पोहोचेपर्यंत हे संकेत इतके क्षीण झालेले असतात की ते व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावे लागतात. डोळ्यांची उघडझाप केली, दात आवळले, कपाळाला आठी घातली, तरी स्नायूंचे संकेत त्यांच्यापेक्षा मोठे येतात, आणि हे सारे जास्त उमटते ते कपाळाच्या बाजूला, म्हणजे तुमच्या नकाशातल्या पुढच्या भागातच. नकाशातले रंग म्हणजे तुमच्या लहरींची इतर लोकांच्या सरासरीशी केलेली तुलना असते. लाल म्हणजे सरासरीहून दूर, एवढाच त्याचा अर्थ. आदल्या रात्री झोप झाली नसेल, गुंगीच्या गोळीचा अंमल उतरलेला नसेल, अनोळखी ठिकाणी जीव धास्तावलेला असेल, तरी लहरी बदलतात. ‘थकलेला भाग’ असे निदान वैद्यकात नाही आणि अशा नकाशावरून एकट्याने नैराश्याचे किंवा स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही.

त्या ४० सत्रांत तुम्हाला जे देऊ केले आहे, ते बहुधा न्यूरोफीडबॅक असावे : टोपी घालून पडद्यासमोर बसायचे, लहरी ठरलेल्या मर्यादेत आल्या की चित्र उजळते किंवा सूर वाजतो आणि मेंदूने हळूहळू ती अवस्था धरून ठेवायला शिकावे, अशी कल्पना. ही कल्पना १९६० च्या दशकापासून अभ्यासली जात आहे आणि ती अशास्त्रीय म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. कसोटी लागते ती तोतया उपचारासमोर. म्हणजे निम्म्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या लहरींवर चालणारे चित्र दाखवायचे, उरलेल्यांना त्यांच्या लहरींशी संबंध नसलेले, आणि कोणाला काय मिळाले हे त्यांना कळू द्यायचे नाही. एकाग्रतेचा त्रास असलेल्या मुलांवर अशी एक काटेकोर चाचणी अमेरिकेत झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतली मुले सुधारली आणि सारखीच सुधारली. निद्रानाशावरच्या ऑस्ट्रियातील २०१७ च्या अभ्यासातही हेच दिसले : झोप बरी वाटू लागली, पण खऱ्या आणि तोतया उपचारांत फरक नव्हता. मग सुधारणा कशाने झाली? नियमाने घराबाहेर पडणे, आस्थेने विचारपूस करणारे कोणी भेटणे, बरे होऊ ही आशा वाटणे, यांतही पुष्कळ बळ असते. ते बळ मी कमी लेखत नाही. फक्त ते भजनी मंडळातही मिळते आणि तिथे पॅकेज घ्यावे लागत नाही.

मुलाने सुचवलेल्या ॲपविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ब्रेन ट्रेनिंगचा सगळा वाद इथेच आहे. १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या बाबतीत नेहमी आठवतो. एका सामान्य महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आकडे ऐकवून ते त्याच क्रमाने म्हणायला सांगत. आरंभी त्याला, कोणालाही आठवतात तसे, सातच्या आसपास आकडे आठवत. दीड वर्षाहून अधिक काळ सराव केल्यावर तो जवळजवळ ८० आकडे ओळीने म्हणू लागला. तो धावपटू असल्यामुळे आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळांसारखे लक्षात ठेवण्याची युक्ती त्याने शोधली होती. त्यानंतर त्याला आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा त्याला सहाच्या आसपास अक्षरे आठवली. म्हणजे स्मरणशक्ती नावाचा एखादा स्नायू त्याने कमावला नव्हता. त्याने आकडे लक्षात ठेवण्याचे कसब कमावले होते. पुढे संगणकावरचे खेळ आले, २०१० मध्ये बीबीसीच्या मदतीने ११ हजारांहून अधिक लोकांवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला, तेव्हाही खेळाडू त्या त्या खेळात तरबेज झाले, पण न खेळलेल्या चाचण्यांत त्यांना फायदा दिसला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘ल्युमॉसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीकडून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात २० लाख डॉलर वसूल केले. या खेळांनी उतारवयातला विसर आणि स्मृतिभ्रंश लांबणीवर पडतो, असे कंपनी सांगत होती आणि त्याला पुरेसा आधार नव्हता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘ॲक्टिव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांवरील २,८३२ लोकांचे चार गट केले गेले; तीन गटांना स्मरण, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी एकेकाचे सुमारे दहा सत्रांचे प्रशिक्षण दिले गेले, चौथ्याला काहीच दिले नाही. दहा वर्षांनंतर तर्क आणि वेग यांतला फायदा टिकलेला आढळला, स्मरणाचा मात्र ओसरलेला होता. ज्यांनी वेगाचा सराव केला, म्हणजे पडद्याच्या मधोमध मोटार चमकली की ट्रक आणि त्याच क्षणी कडेला दुसरी मोटार कुठे दिसली हे ओळखण्याचा, त्यांच्यात चौथ्या गटाच्या तुलनेत दहा वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी दिसले, असे २०१७ मध्ये मांडले गेले. स्वारगेटच्या चौकात स्कूटर चालवणाऱ्या पुणेकराला हा सराव फुकटच घडतो, हे गमतीने म्हणता येईल. परंतु तिथे स्मृतिभ्रंश ठरवण्यासाठी प्रत्येकाची तज्ज्ञाकडून तपासणी झालेली नव्हती आणि चाचणी मुळात त्या प्रश्नासाठी आखलेलीही नव्हती, म्हणून संशोधकांत त्यावर मतभेद आहेत. तेव्हा मुलाला सांगा, ॲप खेळायला हरकत नाही, गंमत वाटत असेल तर रोज थोडा वेळ खेळेन. पण तेच काम करते, हे काही खरे नाही. आणि त्यात गुण कमी पडले म्हणून रात्री जीव टांगणीला लागणार असेल, तर ते काढून टाकलेले बरे.

मेंदूचे प्रशिक्षण उपचार म्हणून जिथे खरोखर कामाला येते, त्या जागा वेगळ्या आहेत. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यानंतर लक्ष, बोलणे, दैनंदिन कामे पुन्हा शिकवण्यासाठी ते वापरतात. स्किझोफ्रेनियात औषधांनी भास-भ्रम आटोक्यात आले, तरी लक्ष आणि नियोजन यांतली अडचण मागे उरते. तिथे या प्रशिक्षणाचा उपयोग होतो, याला बराच आधार आहे, विशेषतः ते प्रशिक्षक समोर बसून करून घेतो आणि कामावर परतणे, बसने एकट्याने जाणे अशा प्रत्यक्ष उद्दिष्टाशी जोडतो, तेव्हा. पुण्यातल्या ज्या घरांत स्किझोफ्रेनिया आहे, त्यांना ‘सा’ (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) या संस्थेचे पुनर्वसनाचे काम ठाऊक असेल. या सर्व ठिकाणी निदान आधी झालेले असते आणि प्रशिक्षण औषधांच्या जोडीला असते. नकाशा काढून सवलतीची मुदत सांगणे हा त्यातला प्रकार नव्हे. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे वर्गही आपण पाहिले, पट्टीखालून नाकाच्या कडेने दिसत असते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी दाखवून देईपर्यंत अनेक पालकांची फी भरून झाली होती.

आईविषयीच्या धास्तीबद्दल. उतारवयात होणाऱ्या स्मृतिभ्रंशाची जोखीम आई-वडिलांना तो असल्यास काहीशी वाढते, पण तो वारसाहक्काने मिळतोच असे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले आणि ते सर्व दूर करता आले, तर जगातील स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतील, असा अंदाज दिला. त्या यादीत ऐकू कमी येणे आहे, मधुमेह आहे, नैराश्य आहे, व्यायामाचा अभाव आहे, एकटेपणा आहे. तुमच्या पत्रातल्या इतक्या गोष्टी तिथे सापडाव्यात, हे वाचून घाबरू नका. हात घालता येईल अशा जागा इतक्या आहेत, असेच त्याकडे पाहावे. फिनलंडमधील २०१५ च्या ‘फिंगर’ चाचणीत आहार, व्यायाम, रक्तदाब-साखरेवर लक्ष आणि मेंदूचे व्यायाम हे चारही दोन वर्षे एकत्र दिल्यावर साठीपुढच्या लोकांच्या बौद्धिक चाचण्यांत फायदा दिसला. तो माफक होता, आणि मेंदूचे व्यायाम हा त्यातला एक चतकोर होता.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. प्रथम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, सर्दीच्या गोळीसकट. ब१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडाचे कार्य आणि सोडियम, या तपासण्यांविषयी विचारा. साखर अधूनमधून फार खाली जात असेल, तर त्यानेही गोंधळल्यासारखे होते. घोरण्याविषयी कोणी कधी बोलले असेल तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडकण्याच्या विकारातही दिवसा विसर पडतो. त्याच आठवड्यात कान तपासून घ्या. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी. खासगी दवाखान्याचा खर्च नको असेल, तर ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथे थांबावे लागते, पण सोबतीला बहीण असेल तर ते जमेल. नात्यातल्या माणसाला बरोबर न्यावे असे मी एरवीही सुचवले असते, कारण तुमच्यात काय बदल झाला, हे दुसऱ्या कोणीतरी सांगणे निदानाला लागते. स्मरणाची चाचणी घेतली जाईल, तेव्हा ती मराठीत घ्या असे निःसंकोच म्हणा आणि कानाची अडचण आधीच सांगा. प्रश्न ऐकू न आल्यामुळे गेलेले गुण स्मरणाच्या खात्यावर टाकले जाऊ नयेत.

नैराश्य निघाले, तर त्यावर औषधे आहेत आणि बोलण्यातून होणारे उपचारही आहेत. माझ्या मते खऱ्या अर्थाने मनाचे प्रशिक्षण म्हणावे, तर ते या दुसऱ्या प्रकारातच घडते. बोधात्मक वर्तनोपचारात किंवा महाराष्ट्राला बऱ्यापैकी परिचित असलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात तज्ज्ञ तुमच्याकडून घरचा अभ्यास करून घेतात. ‘दूध उतू गेले’ ही घटना, ‘माझेही आईसारखेच होणार’ हा विचार आणि ‘म्हणून आज कुठे जायला नको’ ही कृती, असे तीन रकाने कागदावर मांडायचे आणि मधल्या विचाराला पुरावा मागायचा. हिशेब तपासण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम चांगले जमते. अशा उपचारांना मोठा आणि जुना आधार आहे. औषध सुरू झाले, तर त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ते मध्येच सोडायचे नसते. कोणी आरटीएमएस, म्हणजे चुंबकीय उत्तेजनाचा उपचार, सुचवला तर तो या टोपीपेक्षा वेगळा आहे, हे लक्षात असू द्या. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली आणि तो मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. तुमच्या बाबतीत तो विषय आज तरी नाही.

तपासण्या होतील तेव्हा होतील, तोवर घरात काही गोष्टी सुरू करता येतील. दूध तापवताना स्वयंपाकघरातून बाहेर पडायचेच असेल, तर फोनवर पाच मिनिटांचा गजर लावून फोन हातात घेऊनच बाहेर पडावे. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, बँकेत तुम्ही नोंदवहीशिवाय एकही दिवस काम केलेले नसेल. नवीन नाव कळले की ते तिथेच एकदा मोठ्याने उच्चारावे, मिनिटाभराने मनात आठवावे, मग दहा मिनिटांनी, मग रात्री झोपताना. अंतर वाढवत आठवण्याची ही पद्धत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या पुनर्वसनातही वापरतात. भिशीचा हिशेब कागदावर मांडावा लागतो तर मांडावा, पण भिशी सोडू नये. तळजाईवर पुन्हा जायला लागा. ५५ ते ८० वर्षांच्या १२० लोकांवरच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा सुमारे चाळीस मिनिटे भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस, हा स्मरणाशी निगडित भाग, वर्षभरात सुमारे दोन टक्के वाढलेला आढळला. पुढचे सर्वच अभ्यास इतके अनुकूल निघाले नाहीत, तरी चालण्याने झोप, साखर आणि मनःस्थिती या तिन्हींना फायदा होतो, याबद्दल वाद नाही. चढ एकदम झेपणार नाही, तेव्हा आरंभी सपाटीवरच्या वाटेने अर्धा तास पुरे. मंडळात जाल, तेव्हा पेटीच्या बाजूला न बसता म्हणणाऱ्या बाईंच्या समोर बसा, म्हणजे ओठ दिसतील आणि शब्द पकडता येतील. महिन्याला एक नवा अभंग पाठ करून चालीत म्हणणे, यात लक्ष, स्मरण, श्वास आणि सोबत हे सारे एकदम येते. असा मेंदूचा व्यायाम मला कोणत्याही ॲपमध्ये दिसलेला नाही.

सगळ्या तपासण्या होऊन, उपचार सुरू होऊनही तुम्हाला त्या केंद्रात जावेसे वाटले, तर जाण्याला माझा विरोध नाही, मात्र काही गोष्टी लेखी मागा. तिथे निदान कोणी केले आणि त्यांची पात्रता काय? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि तिचा क्रमांक विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. सुधारणा कशाने मोजणार? नकाशाचा रंग बदलणे ही सुधारणा नव्हे. झोप, मनःस्थिती, रोजची कामे यांत काय बदलले, हे बाहेरच्या तज्ज्ञाने मोजलेले असावे. दहा सत्रांनंतर थांबले तर उरलेले पैसे परत मिळतील का? ४० सत्रांचे पैसे एकरकमी, महिनाअखेरीच्या आत आणि औषधे बंद करून, असा आग्रह कोणी धरला तर तिथून उठून यावे. मधुमेहाचे किंवा मनाचे कोणतेही औषध त्यांच्या सांगण्यावरून थांबवू नये.

राहिले ते पाच हजार. पावती असेल तर तिची प्रत जोडून, वैद्यकीय सल्ल्यावरून सत्रे घेत नसल्याचे आणि रक्कम परत हवी असल्याचे ईमेलने किंवा स्पीड पोस्टने कळवा. फोनवर बोलणे टाळा, कारण फोनवर ते तुम्हाला आणखी एक सवलत सांगतील. पत्रात उत्तरासाठी तारीख द्या आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्यकर्तेही अशा कामी मार्गदर्शन करतात. हे पत्र लिहिण्याचे काम बहिणीवर सोपवलेत, तर तिने तुम्हाला तिथे नेल्याची जी चुटपुट तिला उद्या लागेल, तीही थोडी कमी होईल.